कडक जी, मऊ जी

नोकरीतले गमतीदार अनुभव लिहा, असा या अंकाच्या संपादकबाईंचा तीनदा फोन आला. मी तीनदा लिहायला बसलो आणि तीनदा उठलो. एकदा पंखा कुरकुरतो म्हणून, एकदा पेन नीट चालत नाही म्हणून आणि तिसऱ्यांदा काहीच कारण नसताना. बायको म्हणाली, "बसा की एका जागी. तुमच्या येरझाऱ्यांनी मलाच गरगरायला लागलंय." शेवटी ओट्याशी उभा राहून लिहितोय. सगळी नोकरी फळ्यासमोर उभं राहून केली, त्यामुळे बसून सुचत नाही, असं तिला सांगितलं. ते अर्धंच खरं आहे.

मी इंग्रजीचा मास्तर. सोलापुरातल्या एका मराठी शाळेत शिकवत होतो. शाळा मराठी म्हणायची, पण वर्गात विणकरांची तेलुगू बोलणारी मुलं, अक्कलकोटकडची कानडी मिसळून बोलणारी, दखनी बोलणारी आणि होटगीहून पॅसेंजरनं येणारी, अशी सगळी एका बाकावर. त्यांच्यासमोर मी आणखी एक भाषा घेऊन उभा. आणि मी तरी कोण? सांगोल्याकडच्या मेंढपाळाच्या घरातला. इंग्रजी शिकलो ती डोळ्यांनी. जुनी पुस्तकं, शब्दार्थांची वही, व्याकरणाचे नियम. कानावर इंग्रजी पडायची सोयच नव्हती, मेंढरं काही ती बोलत नाहीत. त्यामुळे माझा भरवसा सगळा नियमांवर. नियम सांगितला की पोरांना आधार वाटतो आणि मास्तरालाही.

नियमांचं एक बरं असतं, पोरं ते लगेच घरी घेऊन जातात. एकदा क्रियापदाला 'अर' जोडला की करणारा होतो हे शिकवलं. टीच, टीचर. वीव्ह, वीव्हर. दुसऱ्या दिवशी एका विणकराच्या मुलीनं निबंधात लिहून आणलं की माझे वडील वीव्हर आणि माझी आई कांडर. म्हटलं, हे काय? तर आई घरी बसून मागासाठी सुताच्या कांड्या भरते, म्हणून कांडर. मी लाल पेन उचलला आणि परत खाली ठेवला. त्या बाईच्या कामाला इंग्रजीत काय म्हणतात ते मला तरी कुठं माहीत होतं!

पण सगळ्यात जास्त छळलं ते सी आणि जी या दोन अक्षरांनी. बाहेरच्या माणसाला यातली अडचण कळायची नाही म्हणून सांगतो. मराठीत 'क' लिहिला की क वाचायचा, विषय संपला. इंग्रजीतला सी कधी क होतो, कधी स. कॅट लिहायला सी आणि सिटी लिहायलाही सीच. जी तसाच, गोटला ग आणि जेंटलमनला ज. नियम असा की या अक्षरांच्या पुढे ई, आय किंवा वाय आला की आवाज मऊ होतो, म्हणजे स आणि ज. नाहीतर कडक, म्हणजे क आणि ग. मी वर्गात सांगायचो, भाकरी दोन प्रकारची असते की नाही, कडक आणि मऊ? तसाच सी, तसाच जी. सोलापूरच्या पोराला भाकरीचं सांगावं लागत नाही. पोरं हसायची आणि नियम पाठ व्हायचा.

अपवाद पुष्कळ. गेट, गिव्ह, गर्ल, टायगर. पण अपवाद मी शेवटी, तास संपता संपता सांगायचो. नियम आधी घट्ट बसू दे, असं माझं म्हणणं.

एके वर्षी नियम सांगून फळ्याकडे वळलो तोच मागून आवाज आला, "सर, मग माजं नाव संजीता होतंय की."

होटगीची संगीता. आठवीतली. वडील रेल्वेत गँगमन, रुळांची देखभाल करणारे. वहीवर नाव इंग्रजीत लिहिलेलं, जी आणि पुढे दोन ई. नियमाप्रमाणे खरोखरच संजीता. वर्ग फुटला. हसण्यासारखंच होतं, पण मला ते माझ्या नियमावर हसल्यासारखं वाटलं. "नावांना नियम नसतो, खाली बस," म्हटलं.

त्याच तासाला धड्यात पाऊस मोजायच्या भांड्याचं नाव आलं. रेन, आणि पुढचा शब्द जी-ए-यू-जी-ई. मी हा शब्द छापलेला पाहिला होता, ऐकला कधीच नव्हता. मनात झरझर हिशेब केला. पहिल्या जीपुढे ए, म्हणजे कडक, ग. ए आणि यू मिळून ऑ, जसा टॉटमध्ये, डॉटरमध्ये. शेवटच्या जीपुढे ई, म्हणजे मऊ, ज. फळ्यावर लिहिलं आणि ठणकावून वाचलं, "रेन गॉज."

"गेज, सर," संगीता म्हणाली. हात वर करून, अगदी साधेपणानं. "आमचे बाबा गेज म्हनत्यात. रुळांतलं अंतर मोजायला आडवी लावायची पट्टी असती ना, तिच्यावर हीच अक्षरं हायत. मी वाचल्यात."

आता गंमत बघा. ब्रॉडगेज, मीटरगेज हे शब्द मीही रोज बोलत होतो. सोलापुरात कोण बोलत नाही? पण बोलण्यातला तो गेज आणि छापलेला हा शब्द एकच, हे माझ्या कधी डोक्यातच आलं नव्हतं. ब्रॉडगेज मला मराठीच वाटायचा. त्या क्षणी तरी डोक्यात यायला हवं होतं. पोरगी पुराव्यानिशी सांगत होती. मी मात्र म्हणालो, "तुझे बाबा इंग्रजी शिकवतात का?"

वर्ग पुन्हा हसला. या वेळी तिला हसला. मी तिला गॉज हा शब्द देवनागरीत वीस वेळा लिहून आणायला सांगितला. तिनं आणला. अक्षर सुंदर होतं.

त्याच आठवड्यात शाळेच्या कपाटातला जाडा कोश काढला, त्यात उच्चार दिलेले असायचे. मन खात होतं म्हणूनच काढला असणार. गेज. स्वच्छ लिहिलेलं. मी कोश मिटला, कपाटाला कुलूप लावलं आणि दुसऱ्या दिवशी वर्गात जाऊन पुढचा धडा काढला. एक वाक्य बोलायचं होतं, ते बोललो नाही. पुढच्या वर्षीच्या वर्गाला मी गेज असंच शिकवलं, जणू जन्मापासून मला येत होतं. संगीतानं त्यानंतर हात वर केला नाही. पोरं तिला संजीता म्हणून चिडवत, तेही मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. दहावीला ती इंग्रजीत राहिली, आणि पुढं काय झालं ते मी विचारलं नाही.

निवृत्त झाल्यावर सात रस्ता चौकाजवळ एक खोली घेऊन मोठ्या माणसांचा वर्ग सुरू केला. घरात बसवत नव्हतं. संध्याकाळी सात ते साडेआठ, ज्याला जेवढी इंग्रजी लागते तेवढी. एक रिक्षावाले यायचे, त्यांना फक्त मोबाइलवरचे इंग्रजी पत्ते वाचायचे होते. एक आजी नातवाच्या शाळेतून येणाऱ्या चिठ्ठ्या वाचायला शिकल्या आणि शेवटी त्या शाळेच्याच चुका काढायला लागल्या.

गेल्या वर्षी चाळिशी उलटलेल्या एक बाई आल्या. जवळच्याच औषधाच्या दुकानात झाडलोट करायच्या. म्हणाल्या, "सर, मालक म्हनत्यात, म्हैनाभरात औषधं हुडकून द्यायला आलं तर काउंटरच्या आत घेतो. न्हाय तर आतलं काम दुसऱ्या पोरीला. गुडघं गेल्यात माजं, फरशी पुसनं आता हुईना. एवढं जमवून द्या."

मी त्यांना ताई म्हटलं आणि अडचण काय ते विचारलं. अडचण ऐकून मी चाटच पडलो. दुकानात औषधांचे खण इंग्रजी अक्षरांप्रमाणे लावलेले. फार्मासिस्ट काउंटरवरून नाव पुकारतो, आतल्या माणसानं खोकं आणून द्यायचं, मग फार्मासिस्ट तपासून गिऱ्हाइकाला देतो. तो ओरडतो "सेट्रिझिन", ही बाई एसचा खण उपसत बसते. सापडतं सीमध्ये. तो म्हणतो "जेंटामायसिन", ही जेमध्ये. ते असतं जीमध्ये. झायलो म्हणून नाकात घालायचं एक औषध तर थेट एक्समध्ये. "कान एक सांगतोय न् खण दुसरंच," त्या म्हणाल्या. "गिऱ्हाईक ताटकळतंय आनि मालकाचं तोंड वाकडं हुतंय."

मी उत्साहानं नियम काढला. ई, आय, वाय. कडक आणि मऊ. आठ दिवस झाले तरी बाईंना पाठ होईना. घोकायच्या, दुकानात गेल्या की विसरायच्या. मीच अस्वस्थ. महिना संपत चाललेला, आणि माझ्याकडे नियमाशिवाय दुसरं काही नाही.

एका संध्याकाळी त्या खणांची नावं वहीत उतरवत पुटपुटत होत्या. "तेचा खण सीत. तेची बाटली जीत. तेचा डबा…" आणि एकदम थांबल्या. परत म्हणाल्या, "तेचा. तेची." तोंडापुढे तळवा धरून आणखी एकदा म्हणाल्या. मग माझ्याकडे बघून, "सर, तुमी बी म्हना."

"त्याचा. त्याची."

"च तोच हाय की. पर 'तेचा'त जाड येतोय आनि ई लागली की बारीक हुतोय. माजा, माजी. बगा. भाकरी भाजली, त्यातला ज जाड. भाजी केली, त्यातला बारीक. ई आली न् मऊ झाला. तुमच्या सीचंबी तसंच की!"

मी खुर्चीतून उठलो. खोलीत तीन फेऱ्या मारल्या. त्याचा, त्याची. माझा, माझी, माझ्या. चमचा म्हणून पाहिलं, एकाच शब्दात दोन निराळे च. सगळी हयात हे शब्द तोंडात घोळवले आणि इंग्रजीचा नियम मात्र परक्या मुलखातून आणल्यासारखा पोरांच्या डोक्यावर आदळला. तो तर त्यांच्या जिभेवर आधीच बसलेला होता. इतक्या वर्षांत एका पोरालाही मी हे सांगितलं नाही, कारण मला ते ऐकूच आलं नव्हतं. मी डोळ्यांनी शिकलेला.

"शाब्बास!" मी म्हणालो. "आता जी पण तसाच. पुढे ई आली की ज."

बाई वहीवरून मान न उचलता म्हणाल्या, "मग माजं नाव संजीता होतंय की, सर."

वर्गात येताना भरून दिलेल्या अर्जावर नाव संगीताच होतं. आडनाव सासरचं. मी इतके दिवस तो कागद फाइलला लावून ठेवला होता आणि बाईंच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलंच नव्हतं. आता पाहिलं. ती हसत होती, पण डोळे हसत नव्हते. ती मला पहिल्या दिवसापासून ओळखत होती.

तेव्हा तरी बोलायचं. खोलीत आम्ही दोघंच. मी घड्याळाकडे पाहिलं आणि म्हणालो, "उशीर झाला. उरलेलं उद्या."

त्यानंतरचे दिवस मी धड बसलो नाही, धड जेवलो नाही. सकाळी फिरायला निघायचो तो स्टेशनापर्यंत जाऊन परत यायचो. मनात वाक्य जुळवायचो. संगीता, त्या दिवशी तू बरोबर होतीस. एवढं सोपं वाक्य. वर्गात आलो की मी अपवादांची यादी काढायचो. ती मात्र झपाट्यानं पुढं जात होती. औषधाचं नाव ऐकलं की आधी ओठातल्या ओठात 'तेचा, तेची' करायची आणि बरोबर खण सांगायची.

महिना भरला त्या दिवशी दुपारी मालक तिची परीक्षा घेणार होते. मी खोकल्याच्या गोळ्या घ्यायच्या निमित्तानं दुकानात गेलो. खोकला नव्हता. काउंटरपुढे चार-पाच गिऱ्हाइकं, त्यांच्यामागे मी. जवळच्या दवाखान्यातल्या सिस्टर यादी घेऊन आल्या होत्या. मालकांनी फार्मासिस्टला बाजूला उभं केलं आणि यादी स्वतः वाचायला घेतली.

"सेट्रिझिन."

ती सीच्या खणाकडे गेली. खोकं आलं.

"जेंटामायसिन." जी. आलं.

"ग्लिसरिन." तेही आलं. मालकांची मान हलली.

"गॉज. एक पाकीट."

जखमेवर बांधायचं जाळीदार कापड, त्याला गॉज म्हणतात. स्पेलिंग जी-ए-यू-झेड-ई. ती मागच्या खणाशी गेली. मला उभ्या जागेवरून दिसत होतं, खणात शेजारी शेजारी दोन खोकी. एकावर गॉज. दुसऱ्यावर सुयांचा जाडपणा लिहिलेला, तेवीस आणि पुढे जी-ए-यू-जी-ई. या दुसऱ्या शब्दालाच मी तिला एकदा गॉज म्हणायला लावलं होतं. वीस वेळा. माझ्या शिकवण्यानं गेली तर ती कापडाऐवजी सुया आणणार.

तिचा हात दोन खोक्यांच्या मध्ये थांबला. तिनं मागं वळून माझ्याकडे पाहिलं.

"संगीता," मी ओरडलोच, "शेवटी जी असलेला तो गेज! सुयांचं ते गेज आहे. मी तुला शाळेत चुकीचं शिकवलं होतं. तुझे बाबा बरोबर होते!"

सगळं दुकान माझ्याकडे वळलं. मालक म्हणाले, "अहो सर, परीक्षा चाललीय. मधे सांगू नका. तुम्ही मास्तर असून कॉपी पुरवताय?" सिस्टर हसल्या. मी मान खाली घातली. आता माझ्यामुळे हिचं दुसऱ्यांदा नुकसान होणार, असं वाटलं.

संगीतानं शांतपणे गॉजचं पाकीट काउंटरवर ठेवलं. मग मालकांनी न मागता दुसरं खोकंही आणलं. "सिस्टर, नेहमीसारख्या यादीत सुयाबी असतील. तेवीस गेज."

सिस्टरनी यादी पाहिली. "आहेत की. शेवटी लिहिल्यात."

मालकांनी दोन्ही खोकी उलटीसुलटी करून पाहिली. "कुणी शिकवलं हे?"

"सीचा नियम सरांनी," ती म्हणाली. "गेज आमच्या बाबांनी. ते इंग्रजी शिकवायचे की."

"उद्यापासून आत उभी राहा," मालक म्हणाले आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळले.

ती मला पायरीपर्यंत सोडायला आली. मी विचारलं, "तुला माहीत होतं?"

"व्हय. रोज फरशी पुसताना ऐकत हुते की. गॉज येगळं, गेज येगळं."

"मग थांबलीस कशाला?"

"तुमी आलावता म्हनून. बगत हुते, आज तरी सांगताय का."

मी एक पायरी उतरलो. मग म्हणालो, "तुझ्या बाबांना भेटून सांगायला हवं."

"बाबा गेले की, सर. लई वर्सं झाली." तिनं पदराचं टोक हातात धरलं होतं. "तवा घरी जाऊन मी सांगितलं त्यांना, सर गॉज म्हनत्यात. बाबा म्हनाले, सर सांगत्यात तेच खरं, आमी अडानी मानसं. तवापास्नं माज्यासमोर त्यांनी गेज म्हनलंच न्हाय. पट्टी म्हनायचे. कदी चुकून तोंडात आलं तर ग म्हनून थांबायचे."

आतून कुणीतरी औषधाचं नाव पुकारलं. "जाते, सर," म्हणून ती वळली. जाता जाता ओठांतल्या ओठांत तिचं 'तेचा, तेची' सुरू झालेलं मला दिसलं.

संपादकबाई, गमतीदार अनुभव एवढाच आहे. छापायचा तर यातला एक शब्द तेवढा ठळक छापा. रुळांमधलं अंतर नीट राहावं म्हणून जन्मभर उन्हात वाकलेल्या होटगीच्या एका गँगमनच्या तोंडून तो मी काढून घेतला होता. आता त्यांच्या हातात देता येत नाही, म्हणून इथे ठेवतो. गेज.